गुण्या, ओळंबा आणि पांढरा एप्रन

ओळंब्याच्या दोऱ्यावर सिमेंटचे शिंतोडे वाळून तो ताठर झाला की आबा तो काढून टाकत आणि नवा ओवत. माझे आजोबा साताऱ्याजवळच्या एका गावात गवंडी होते. त्यांच्या किंतानाच्या पिशवीत थापी, रंधा, हातोडी, छिन्नी, ओळंबा आणि गुण्या एवढ्याच वस्तू असत. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर कामावर जाई. वारा सुटला की ओळंबा डुलत राही आणि भिंत ओळंब्यात आहे की नाही ते कळेना. मग आबा खाली पाण्याची बादली ठेवून लोखंडी गोळा तिच्यात सोडत. पाण्यात तो लगेच स्थिर होई, दोरा ताणून उभा राही आणि आबा एक डोळा मिटून भिंतीच्या कडेशी तो ताडून पाहत.

गुण्या तपासण्याची त्यांची रीत मला त्याहून आवडे. गुण्या म्हणजे काटकोन मोजायचे लोखंडी हत्यार. पण ते उंचावरून पडले, कुणी त्याच्यावर पाय दिला, तर त्याचाच कोन बिघडतो. तो बिघडला आहे का, हे पाहायला दुसरा गुण्या लागत नाही. फळीच्या सरळ कडेला गुण्याचा एक हात टेकवायचा, दुसऱ्या हाताच्या कडेने रेघ मारायची, मग गुण्या तसाच उलटा करून त्याच बिंदूपासून पुन्हा रेघ मारायची. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. वर जाता जाता फाकल्या तर खोटा, आणि जेवढी फट दिसेल तिच्या निम्मी त्याची चूक. "गुण्याला विचारत बसायचं नसतं पोरी, उलटा करून बघायचं असतं," असे ते म्हणत.

काही वर्षांपूर्वी लंडनला गेले असताना ग्रेट क्वीन स्ट्रीटवरच्या फ्रीमेसन्स हॉलमधले संग्रहालय पाहिले, तेव्हा ही पिशवी माझ्यासमोर पुन्हा उघडली. काचेच्या कपाटात फिकट निळ्या रेशमाचा रुंद गळपट्टा मांडला होता आणि त्याच्या टोकाला, छातीच्या मधोमध यावा असा, चांदीचा गुण्या लटकत होता. त्याच्या शेजारच्या पट्ट्याला पाणसळ, म्हणजे पातळी सपाट आहे का ते पाहायचे हत्यार, होती, जुन्या पद्धतीची, त्रिकोणी चौकटीत दोरा सोडलेली. तिसऱ्याला ओळंबा. मी बराच वेळ त्या कपाटासमोरून हलले नाही. ज्या हत्यारांना मी कायम चुना आणि सिमेंट लागलेले पाहिले होते, ती इथे मखमलीवर पदके होऊन बसली होती.

फ्रीमेसन हे शपथेने बांधलेल्या एका जुन्या बंधुसंघाच्या सदस्यांचे नाव, आणि त्या शब्दाचा अर्थच गवंड्याशी, दगडाच्या कारागिराशी जाऊन भिडतो. या बंधुसंघाच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात, आणि मुळात लॉज म्हणजे मोठ्या चर्चच्या किंवा किल्ल्याच्या बांधकामाशेजारी पाथरवटांनी दगड घडवण्यासाठी घातलेली खोप. लॉजच्या प्रमुखाला, म्हणजे मास्टरला, गुण्या शोभतो, कारण त्याने सगळ्यांशी सरळ वागायचे. त्याच्या खालोखालच्या दोन अधिकाऱ्यांपैकी सीनियर वॉर्डनची पाणसळ माणसामाणसांतली बरोबरी सांगते, तर ज्युनियर वॉर्डनचा ओळंबा ताठ चारित्र्य. खजिनदाराच्या पट्ट्याला किल्ली असते, सचिवाच्या पट्ट्याला एकमेकींवर ठेवलेली दोन पिसांची लेखणी, आणि दाराबाहेर पहारा देणाऱ्या टायलरकडे तलवार. नव्याने आलेल्याला चोवीस इंचांची पट्टी दाखवतात आणि सांगतात की हे दिवसाचे चोवीस तास आहेत, त्यांची वाटणी नीट कर. सभागृहात दोन दगड ठेवलेले असतात, एक अनगड आणि एक घडीव. पहिला म्हणजे आज आत आलेला माणूस, दुसरा म्हणजे त्याला जे व्हायचे आहे ते.

या सगळ्यांत मला थांबवणारे पदक मात्र निराळेच निघाले. इंग्लंडच्या रिवाजानुसार मास्टरपद भूषवून पायउतार झालेल्याला जे पदक मिळते, त्यात गुण्याच्या खाली चांदीचा एक छोटा पत्रा टांगलेला असतो आणि त्याच्यावर युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातले सत्तेचाळिसावे प्रमेय कोरलेले असते. शाळेत आपण ज्याला पायथागोरसचे प्रमेय म्हणतो तेच हे. काटकोन त्रिकोण आणि त्याच्या तिन्ही बाजूंवर उभारलेले चौरस. आबांनी हे प्रमेय कधी वाचले नव्हते. पण पायाची आखणी करताना ते सुतळीवर तीन हात, चार हात आणि पाच हातांवर गाठी मारत, तीन खुंट्यांना ती सुतळी ताणून कोपरा काढत, आणि तो कोपरा चोख काटकोनात येई. त्या चांदीच्या पत्र्यावर जे कोरले होते ते मी अंगणातल्या मातीत फक्कीने आखलेले पाहिले होते. दोघांमध्ये किती समुद्र आणि किती शतके होती, आणि तरीही ती गोष्ट तीच होती, हे मनात आले तेव्हा माझा गळा दाटून आला.

पण या संघाच्या वेषातली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू पदक नाही, एप्रन आहे. पाथरवट दगड मांडीवर टेकवून घडवताना कपडे फाटू नयेत म्हणून कमरेला जाड कातडे बांधत, त्याचा हा वंशज. दीक्षा घेतलेल्या नवशिक्याला कोकराच्या कातड्याचा पांढरा, कोरा एप्रन मिळतो. त्याच्यावर काही नसते. दुसऱ्या पायरीवर त्याच्या खालच्या दोन कोपऱ्यांत निळ्या रेशमाची दोन फुले येतात. तिसऱ्या पायरीवर वरच्या झडपेवर तिसरे फूल, भोवती आकाशी किनार, आणि दोन बाजूंना चांदीचे गोंडे, प्रत्येकात सात साखळ्या. मास्टर झालेल्याच्या एप्रनवर फुलांच्या जागी चांदीच्या, उलट्या टी अक्षरासारख्या खुणा येतात. आमच्याकडे पागोट्याच्या पिळावरून आणि पेचावरून माणूस ओळखत, तसा या सभागृहात एप्रनवरून माणूस कुठवर आला आहे ते कळते.

ही सगळी मापे आणि रंग ठरले ते बऱ्याच उशिरा. लंडनमधल्या चार लॉजनी एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजची मध्यवर्ती संस्था, स्थापन केली ती २४ जून १७१७ रोजी, गूज अँड ग्रिडायरन नावाच्या मद्यालयात. पुढे तिच्याशी स्पर्धा करणारी दुसरी ग्रँड लॉज निघाली आणि दोघींचे मीलन झाले ते डिसेंबर १८१३ मध्ये. त्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांत वेषाचे नियम बसवले गेले. त्याआधी ज्याला जसे सुचेल तसा एप्रन तो करून घेई. कुणाच्या बायकोने भरतकाम केलेले, कुणी तांब्याच्या ठशावरून छापून घेऊन मग हाताने रंगवलेले, असे अठराव्या शतकातले एप्रन आजही टिकून आहेत. त्यांच्यावर सूर्य आणि चंद्र, सात तारे, त्रिकोणातला डोळा, मधमाश्यांचे पोळे, कवटी आणि खाली दोन हाडे, सॉलोमन राजाच्या मंदिराचे दोन खांब, असे सगळे दाटीवाटीने भरलेले असते. अशाच एका कातड्यावर रंगवलेली शिडी मला अजून आठवते. तिच्या पायऱ्या सरळ नव्हत्या, एक तिरकी गेली होती, पिवळा रंग भेगाळला होता, आणि कमरेला बांधायच्या पट्टीपाशी कातडे वर्षानुवर्षांच्या घामाने काळवंडले होते. तो एप्रन कुणीतरी खरोखर वापरला होता. १८१३ नंतरचे एप्रन सुबक आहेत, एकसारखे आहेत, पण माझे मन त्या वाकड्या शिडीपाशीच राहिले.

दगडाला कधी हात न लावलेल्या माणसांनी गवंड्याचे कातडे कमरेला का बांधले, याचे साधे उत्तर कुणी देऊ शकत नाही. स्कॉटलंडच्या राजाचा बांधकामप्रमुख विल्यम शॉ याने १५९८ आणि १५९९ साली गवंड्यांच्या लॉजसाठी लेखी नियम घालून दिले. त्यानंतरच्या शतकात अशा लॉजमध्ये कारागीर नसलेली माणसेही येऊ लागली. इंग्लंडमध्ये ईलियास ॲशमोल या विद्वानाने १६ ऑक्टोबर १६४६ रोजी वॉरिंग्टन इथे आपण फ्रीमेसन झाल्याचे रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे. नव्याने येणाऱ्याने लॉजमधल्या सगळ्यांना एप्रन आणि हातमोजे द्यायचे, अशी जुनी चाल होती. हळूहळू कारागीर मागे पडले आणि सरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी पुढे आले. राहिले ते कारागिरांचे शब्द, हत्यारे आणि कातडे. दीक्षेच्या वेळी नवशिक्याला सांगितले जाते की हा एप्रन गोल्डन फ्लीसहून जुना आहे आणि गार्टरहून मानाचा आहे. गोल्डन फ्लीस आणि गार्टर हे युरोपातले राजांनी द्यायचे सर्वोच्च सन्मान. हे बोल इतिहास म्हणून तपासले तर टिकायचे नाहीत, पण ज्या समाजात हाताने काम करणारा माणूस पंगतीला बसू शकत नव्हता, त्या समाजात एखाद्या उमरावाच्या कमरेला मजुराचे कातडे बांधून ते राजाच्या फितीहून थोर आहे असे त्याला सांगणे, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

तरीही आबांची पोर म्हणून मला तो गुण्या उलटा करून पाहावासा वाटतो.

हिंदुस्थानात इंग्रजांबरोबर लॉज आल्या आणि बंद दारांमागे काय चालते ते न कळल्यामुळे लोकांनी त्या इमारतींना जादूघर हे नाव दिले. पाणसळीची बरोबरी इथे रंगापाशी अडखळली. मुंबईच्या माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना शहरातल्या लॉजने नकार दिला, तेव्हा त्यांनी पॅरिसमध्ये जाऊन दीक्षा घेतली. अखेर १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज मुंबईत निघाली आणि तिच्यात भारतीयांना जागा मिळाली; माणकजी तिच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी एक. पुढे कलकत्त्यात १८८४ साली नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे नंतरचे स्वामी विवेकानंद, यांनीही दीक्षा घेतली होती. भारतातल्या लॉजमध्ये आज वेदीवर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरू ग्रंथसाहिब असे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवतात आणि ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर शपथ घ्यायची असते. इथली फट वेळ घेऊन का होईना, बुजत गेली असे म्हणता येईल.

दुसरी फट इंग्लंडमध्येच होती, आणि तिच्याविषयी मी त्या संग्रहालयातून बाहेर पडल्यावर वाचत गेले. फ्रान्समधल्या क्रांतीने आणि १७९८ च्या आयरिश उठावाने इंग्लंडचे सरकार धास्तावले होते. गुप्त शपथा घेणाऱ्या संघटनांवर बंदी घालणारा कायदा १७९९ साली झाला. त्या कायद्यातून फ्रीमेसनांच्या लॉज वगळल्या गेल्या. दरवर्षी सदस्यांची यादी अधिकाऱ्याकडे दिली की त्यांच्या शपथा चालत. लॉजमध्ये थोरामोठ्यांची, राजघराण्यातल्या माणसांची ऊठबस होती, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

पस्तीस वर्षांनी डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल या खेड्यात सहा शेतमजूर पकडले गेले. आठवड्याला नऊ शिलिंग असलेली मजुरी आठवर, मग सातवर आली होती आणि ती सहावर आणण्याची भाषा चालू होती. जॉर्ज लव्हलेस हा मजूर मेथडिस्ट पंथाचा उपदेशकही होता. त्याने सोबत्यांना घेऊन शेतमजुरांचा एक बंधुसंघ काढला. आत येताना एक शिलिंग आणि मग आठवड्याला एक पेनी. कामगारांनी संघटना करणे तोवर कायद्याने मोकळे झाले होते. पण या गरिबांनाही वाटले की नुसत्या पेनीने संघ होत नाही, त्याला विधी हवा, वेष हवा, चिन्ह हवे. त्यांच्यातला एक जण डॉर्चेस्टरच्या एका रंगाऱ्याकडे गेला आणि त्याने सहा फूट उंचीचे मृत्यूचे चित्र, माणसाचा सांगाडा, रंगवून मागितला.

डिसेंबर १८३३ मध्ये थॉमस स्टँडफील्डच्या झोपडीवजा घरात काही मजुरांना दीक्षा दिली गेली. त्यांचे डोळे बांधले, त्यांना गुडघ्यांवर बसवले, काही वाचून दाखवले, पुस्तकाचे चुंबन घ्यायला लावले. डोळ्यांवरची पट्टी काढली तेव्हा समोर तो सांगाडा उभा होता आणि त्याच्यापाशी शब्द होते, तुझा शेवट ध्यानात ठेव. पुढे एडवर्ड लेग नावाच्या मजुराने कोर्टात साक्ष दिली. त्याने सांगितले की जॉर्जचा भाऊ जेम्स लव्हलेस याच्यासारख्या दिसणाऱ्या माणसाच्या अंगात पांढरा वेष होता आणि तो शेतकऱ्यांचा नेहमीचा डगला नव्हता.

या एका वाक्यापाशी मी वाचता वाचता थांबले. शेतमजूर रोज अंगात घालत तो सैल, चुण्यांचा डगला सगळ्या गावाच्या ओळखीचा होता, आणि साक्षीदाराला मुद्दाम सांगावेसे वाटले की हा तो नव्हे. म्हणजे त्या संध्याकाळी जेम्स लव्हलेसने रोजचा कपडा बाजूला ठेवला होता. कुठल्या कापडाचा होता तो वेष, कुणी शिवला, चादरीचा होता की चर्चमधल्या झग्यासारखा, साक्षीत काही नाही. आठवड्याला सात शिलिंग मिळवणाऱ्या घरात पांढरे कापड सहज मिळत नसणार. तो वेष अंगावर चढवताना त्या माणसाला काय वाटले असेल याचा मी अनेकदा विचार केला आहे. मला वाटते, मातीत राबणाऱ्या माणसालाही आपल्या एकजुटीसाठी स्वच्छ कपड्यात उभे राहावेसे वाटले, एवढीच ती गोष्ट आहे आणि ती फार मोठी आहे. डोळ्यांवर पट्टी, गुडघे टेकणे, ग्रंथावरची शपथ, मृत्यूची आठवण, पांढरा वेष: लंडनच्या लॉजमध्ये जे होते तेच इथे मेणबत्तीच्या पैशालाही महाग असलेल्या माणसांनी आपल्या ऐपतीत उभे केले होते.

मार्च १८३४ मध्ये डॉर्चेस्टरच्या कोर्टात सहाही जणांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांना ऑस्ट्रेलियाकडे धाडले. आरोप संघटना केल्याचा नव्हता, बेकायदेशीर शपथ दिल्याचा होता, आणि त्यासाठी नाविकांच्या बंडानंतर १७९७ साली केलेला कायदा शोधून काढला गेला. शिक्षा झाली त्या १८३४ साली इंग्लंडच्या फ्रीमेसनांचा ग्रँड मास्टर, म्हणजे सर्वोच्च प्रमुख, होता ड्यूक ऑफ ससेक्स, राजा चौथ्या विल्यमचा सख्खा भाऊ. गुण्या तोच होता, एका बाजूने रेघ मारली तर ती सन्मानाकडे गेली आणि उलटा केला तर जहाजाच्या तळघराकडे. इतकी फट मी आबांच्या फळीवर कधी पाहिली नव्हती.

लोकांनी मात्र ती पाहिली. लंडनमध्ये कोपनहेगन फील्ड्स या मैदानावर एप्रिल १८३४ मध्ये प्रचंड मोर्चा निघाला, सह्यांचे अर्ज गेले, आणि १८३६ साली सहाही जणांना माफी देणे सरकारला भाग पडले. त्यानंतरच्या दशकांत कामगारसंघांनी शपथा सोडल्या, पण चिन्हे सोडली नाहीत. लंडनमध्ये जॉर्ज टटिल याने १८३७ साली काढलेल्या कारखान्यातून रेशमी निशाणे देशभरच्या संघांकडे जाऊ लागली. इंजिनिअरिंग कामगारांच्या मोठ्या संघाने आपल्या सदस्यपत्राचे चित्र काढण्यासाठी स्पर्धा ठेवली तेव्हा ती जेम्स शार्पल्स नावाच्या लोहाराने जिंकली. आजारपणात आणि मयतीच्या वेळी मदत देणाऱ्या ऑडफेलोज आणि फॉरेस्टर्स यांसारख्या मंडळांतले सदस्य खांद्यावरून रुंद पट्टे घालून मिरवणुकीत चालत. त्या पट्ट्यामागे उद्या आपण अंथरूण धरले तर घरात चूल पेटेल हा भरवसा होता, म्हणून मला तो कुठल्याही दरबारी फितीहून जवळचा वाटतो.

टॉलपडलच्या सहा जणांपैकी पाच जण परत आल्यावर काही वर्षांनी कॅनडात जाऊन स्थायिक झाले. सहावा जेम्स हॅमेट गावातच राहिला. दीक्षेच्या रात्री तो तिथे नव्हताच, त्याचा भाऊ होता, आणि भावाच्या वाटचे त्याने मुकाट्याने सोसले असे सांगतात. परतल्यावर त्याने बांधकामावर काम केले. म्हणजे शेतातल्या मातीतून तो विटांच्या आणि चुन्याच्या मातीत आला. १८९१ साली डॉर्चेस्टरच्या अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात त्याचा शेवट झाला. १९३४ मध्ये, शिक्षेला शंभर वर्षे झाली तेव्हा, त्याच्या थडग्यावर एरिक गिल या शिल्पकाराने घडवलेला दगड बसवण्यात आला. त्या गावच्या चौकातले सिकमोर झाड, ज्याच्या सावलीत हे मजूर जमत असे सांगतात, अजून उभे आहे.

आबांना कुठल्या लॉजचे नावही ठाऊक नव्हते. पण आमच्या घरी खंडेनवमीला सगळी हत्यारे धुऊन पाटावर मांडली जात. आबा त्या दिवशी धुवट धोतर नेसत, नवी टोपी घालत, आणि थापी, ओळंबा, गुण्या यांना एकेक करून हळदकुंकू लावत, झेंडूचे फूल वाहत. त्या दिवशी हत्यार कामाला लावायचे नसे. कुणाचे घर बांधून झाले की वास्तुशांतीला मालक त्यांना टॉवेल, टोपी आणि नारळ देई. त्या टोप्या आजी ट्रंकेत घडी घालून ठेवी. आबा गेले तेव्हा त्यांतली एक त्यांच्या डोक्यावर होती.

पिशवी आता माझ्याकडे आहे. ओळंब्याला मी नवा दोरा ओवला आहे. गुण्या मात्र मी पुसलेला नाही. त्याच्या दोन हातांचा जिथे सांधा आहे तिथे, आतल्या कोपऱ्यात, जुन्या खंडेनवम्यांची हळद गंजात मुरून बसली आहे, आणि उजेडात धरला की ती अजून पिवळी दिसते.